गोधड्यांचं स्टेशन

"अगं, निदान आजचा कार्यक्रम तरी होऊ दे!" प्रमिला ओरडली, तोवर सरूवहिनीनं भिंतीवरची आपली गोधडी खिळ्यासकट ओढून काढली.

गावचं नवं रेडिओ स्टेशन म्हणजे शाळेची जुनी खोली. आवाज घुमू नये म्हणून प्रमिलानं उन्हाळ्यात घरोघरच्या गोधड्या मागून भिंतींवर ठोकल्या होत्या. आज, नेमक्या पहिल्या प्रसारणाच्या संध्याकाळी, थंडी पडली आणि जो तो आपली गोधडी न्यायला आला. खोली विहिरीसारखी घुमायला लागली.

"न्या! खिळेपण न्या!" तिनं कपाळावर हात मारला.

पण गोधडी घेऊन घरी कुणी जाईना. रेडिओवर बोलणारी प्रमिला समोरून बघायची म्हणून सगळे गोधड्या पांघरून तिथंच दाटीवाटीनं बसले. तिनं चरफडत "नमस्कार मंडळी" म्हटलं, तर आवाज एकदम स्वच्छ! पण सगळं गाव इथं, मग घरी ऐकतंय कोण? तिनं रागारागानं गाणं लावलं.

तेवढ्यात फोन वाजला. अंथरुणाला खिळलेली हौसाआत्या घरून बोलत होती. "पोरी, आवाज लई झ्याक येतोय गं! आता माझीबी गोधडी धाड, कुडकुडायला लागलीय."