वायर काढायचा कंटाळा

धाकट्या लेकाला दहादा बजावलं होतं, स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर फुकटचे सिनेमे उतरवू नकोस, आणि फोटोंच्या कॉप्या ठेवायची हार्ड डिस्क रोज काढून घरच्या कपाटात ठेव. पण साहेबांना वायर काढायचाही कंटाळा! जादा किल्ली कुलपालाच टांगावी, तशी ती कायम मशीनला लटकलेली. गेल्या आठवड्यात सिनेमाबरोबर व्हायरस शिरला आणि दोन्हीकडचे फोटो गिळून बसला. आज शिंपीकाका फोटो मागायला आले. त्यांच्या बायकोचा अखेरचा फोटो आम्हीच काढलेला; छापायचा राहिला, तेवढ्यात ती गेली. शेंगदाणे चावत धाकटा म्हणाला, “काका, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” बिचारे “बरं बाळा” म्हणून वळले. पोटच्या पोराची शिसारी आली. म्हटलं, “ऊठ! आळसापायी त्यांची बायको दुसऱ्यांदा घालवलीस, वर थापा मारतोस? पळ, कोपऱ्यावर गाठ त्यांना आणि खरं सांग. तोवर दुकानाची पायरी चढू नकोस.”