होडीला लावते रंग

"आई, पुरे आता वडे. अर्ध्या टौरंगा शहराला पित्त होईल!" नीता म्हणाली.

"होऊ दे. होडी तरी तरंगेल," म्हणत मंदाताईंनी आणखी एक घाणा कढईत सोडला.

बंदरामागच्या आवारात जुनी लाकडी लाइफबोट कुजत पडली होती. हिवाळ्याआत ती पाण्यात उतरली नाही, तर जागेचा मालक तिचं सरपण करणार होता. नीता रांगत होती तेव्हा इथल्याच खडकांवर बाबांचं मालवाहू जहाज फुटलं आणि याच होडीनं त्यांना जिवंत काढलं. बाबा गेल्यावर इथे परदेशात लेकीकडे आलेल्या मंदाताईंना ती एकदा तरी लाटेवर डुलताना बघायची होती.

दर शनिवारी बाजारात त्यांच्या वड्यांशेजारी इथलीच जॅनेट स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, विकायची. होडीसाठी वर्गणी जमवायची कल्पना तिचीच. "माझाही माणूस हिनंच किनाऱ्याला आणला," असं ती एकदा म्हणाली होती. तो होडीवर वल्ही मारत असणार, हे नीतानं धरूनच टाकलं.

मंदाताई आणि जॅनेटचं भारी गूळपीठ. हिला इंग्रजी जेमतेम, तिला मराठी तोडकंमोडकं. तरी फळ्या घासताना, रंग देताना खिदळणं काही थांबत नसे. जॅनेटच्या थर्मासमधल्या चहाला आल्याचा वास यायचा. आईनंच शिकवलं असेल, नीताला वाटे.

अखेर होडी पाण्यात उतरली. एकदा कलली, सावरली आणि डुलू लागली. धक्क्यावर टाळ्यांचा पाऊस पडला. मंदाताईंनी डोळे पुसत नारळ वाढवला.

"काकू, नाव घ्या!" मराठी मंडळाच्या बायकांनी त्यांना घेरलं.

"अगं, काका नाहीत ना आता," कुणीतरी कुजबुजलं.

"नवरा गेला म्हणून नाव बुडालं का?" मंदाताई ताठ उभ्या राहिल्या.

"दर्याच्या पोटातून होडीनं आणलं काठाला,
मोरेश्वररावांचं नाव घेते, नारळ वाहून लाटेला."

"आता जॅनेट! कम ऑन!" मंडळातली सानिका ओरडली.

जॅनेट लाजून लालेलाल झाली. मग एकेक शब्द जपून टाकत म्हणाली,

"चहात घालते आलं, होडीला लावते रंग,
मोरेश्वरचं नाव घेते, मंदाताईच्या संग."

एकच हशा पिकला. नीता तर पोट धरून हसली. "अगं जॅनेट, ते आईच्या नवऱ्याचं नाव! तू तुझ्या नवऱ्याचं घ्यायचं!"

मंदाताईंनी जॅनेटचा हात हातात घेतला.

"हसू नका गं," त्या म्हणाल्या. "तिनं तिच्याच नवऱ्याचं घेतलंय."