बारा वर्षांवरील व्यक्तींना मनाई

शिट्टी वाजली तेव्हा मोठ्या बाई झोक्याच्या अगदी वरच्या टोकाला होत्या. तिथून एकदम थांबता येत नाही. त्यामुळे खाकी टोपी घातलेल्या त्या गृहस्थांसमोरून त्या आणखी चार वेळा पुढे गेल्या, चार वेळा मागे आल्या आणि चपला घासत कशाबशा थांबल्या.

"पाटी वाचता येते का?" गृहस्थांनी विचारलं. पांढऱ्या मिशा, गळ्यात शिट्टी, काखेत जाडजूड वही, पायात पॉलिश केलेले बूट.

पाटी बाईंच्या डोक्यावरच होती. बारा वर्षांवरील व्यक्तींना मनाई. उल्लंघन करणाऱ्याच्या कार्यालयास लेखी कळवण्यात येईल.

मोठ्या बाई बावन्न वर्षांच्या होत्या. विमा कचेरीत पंचवीस माणसं त्यांच्या हाताखाली होती आणि त्यातलं एकही त्यांच्यासमोर मोठ्यानं शिंकत नसे. पाठीमागे सगळे आपल्याला 'कात्री' म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. आज मात्र काय झालं कुणास ठाऊक. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळी बागेतून कचेरीकडे निघाल्या, झोपाळा रिकामा दिसला आणि पाय आपोआप तिकडे वळले.

झोप उडवली होती ती दोन कारकुनांनी. पहिला दोन लेकरांचा बाप, दुसरी एका लेकराची आई. परवा दुपारच्या सुट्टीत हे दोघं दप्तरखान्यात रबरबँडच्या चेंडूनं क्रिकेट खेळताना सापडले होते. फाइलची बॅट, कपाटाचे स्टंप. बाईंनी जागच्या जागी लेखी खुलासा मागितला. आज दहाला सुनावणी होती. बाईंनी वाईट शेरा मारला की दोघांचं नोकरीत कायम होणं बारगळणार. आणि अशा वेळी बागेतून कचेरीला पत्र आलं तर? तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

"नाव सांगा," गृहस्थांनी वही उघडली. "आणि कामाचं ठिकाण."

बाई उभ्या आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या. सवय नसल्यामुळे त्या एकदम मोठंच बोलून गेल्या.

"मी उद्यान खात्याच्या मुख्य कचेरीतून आलेय. खेळणी तपासायला."

गृहस्थांनी वही मिटली. त्यांनी बाईंकडे पाहिलं, पर्सकडे पाहिलं, डब्याच्या पिशवीकडे पाहिलं. मिशा जराशा हलल्या. संपलं सगळं, असं बाईंना वाटलं.

पण गृहस्थांनी खाडकन टाचा जुळवल्या.

"मग आधी नाही का सांगायचं, बाईसाहेब! मी इथला तपासनीस. पण माफ करा, तुमची तपासणी अर्धवट होतेय. एवढ्याशा झोक्यानं कडी कुरकुरते का, ते कसं कळणार? आणखी उंच जायला हवं."

"आणखी?"

"नियम आहे."

नियम म्हटला की बाईंचं काही चालत नसे. त्या आणखी उंच गेल्या. शेजारच्या झोपाळ्यावर गृहस्थ बसले. दोन्ही कड्यांचा आवाज ताडून बघावा लागतो, असं ते म्हणाले.

मग घसरगुंडी झाली. एकदा नीट बसून, एकदा हात वर करून, हाही नियमच होता. मग सी-सॉ.

"हे सहा महिने राहून गेलंय," गृहस्थ जरा ओशाळून म्हणाले. "पलीकडे बसायला कुणी मिळतच नाही."

बाई पलीकडे बसल्या. खाली-वर, खाली-वर. वर असताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या हाताखालचे दोघं कचेरीत क्रिकेट खेळत होते. काय करावं अशा माणसांचं?"

"कामाच्या वेळात?"

"नाही, सुट्टीत."

"काम कसं करतात?"

"कामाला चोख आहेत."

"बॅट कसली होती?"

"फाइलची."

"छे, छे!" गृहस्थ गंभीरपणे म्हणाले. "फाइलला चेंडू उसळत नाही. शेरा मारायचा तर त्यावर मारा."

बाईंना हसू फुटलं. आधी फुसकन, मग पोट दुखेपर्यंत. दांडा धरून त्या हसत राहिल्या. असं शेवटचं आपण कधी हसलो होतो ते काही केल्या आठवेना, आणि एकदम त्यांचे डोळे भरून आले. गृहस्थांनी दुसरीकडे पाहिलं आणि हळूच त्यांना खाली आणलं.

शेवटी त्यांनी वही पुढे केली. 'सर्व खेळणी उत्तम चालतात.' एरवी स्वल्पविरामसुद्धा तपासणाऱ्या बाईंनी न वाचता सही ठोकली. गृहस्थांनी घड्याळ पाहिलं, "बाप रे, साडेनऊ!" म्हणाले आणि झुडपामागची आपली डब्याची पिशवी उचलून लगबगीनं फाटकाबाहेर पडले.

बाईंनी झोपाळ्यावर टेकून हेडक्लार्कना फोन लावला.

"दहाची सुनावणी रद्द. दोघांनाही कायम करा. आणि त्यांना सांगा, दप्तरखान्यात खेळू नका. मागं एवढं अंगण रिकामं आहे."

आपण नक्की कोणाशी बोलतोय हे हेडक्लार्कनी दोनदा विचारून घेतलं, मगच फोन ठेवला.

"ओ बाई, पाटी दिसली नाही का?"

निळ्या डगल्यातला एक माणूस पाना आणि तेलाची बाटली घेऊन समोर उभा होता. आता बाई घाबरल्या नाहीत.

"मी मुख्य कचेरीतून आलेय," त्या रुबाबात म्हणाल्या. "तुमच्या तपासनीसांनी आत्ताच मला सगळं दाखवलं."

"कोण तपासनीस? इथला तपासनीस मी आहे."

"अहो, ते खाकी टोपीवाले. पांढऱ्या मिशा, जाड वही..."

त्या माणसानं पाना खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला.

"मोठे साहेब समजून चार महिने सलाम ठोकले मी त्यांना, बाई! गेल्या वर्षी याच झोपाळ्यावर पकडलं, तर मला म्हणाले, मी मुख्य कचेरीतून आलोय, खेळणी तपासायला."