दहा शब्दांची मोजणी

फणसवाडीच्या नाक्यावर अर्धवट जळलेली ट्राम.

ताटात मलिदा. पोहे, गूळ, खोबरं.

"मुंबई आमची!" अशी आरोळी, मग गोळीबार, मग काहीच नाही.

साराबाई जाऊन आज वर्ष झालं.

गल्लीच्या आत, माडीवरच्या यहुदी प्रार्थनाघरात, एलोजी झिराडकर पुस्तक उघडून उभे होते. बायकोसाठी कद्दिश, मेलेल्या माणसामागे म्हणायची प्रार्थना, म्हणायचं होतं. त्याला दहा पुरुष लागतात. माणसं अंकांनी मोजायची नाहीत, म्हणून जमातीचे मुकादम मुसाजी दहा शब्दांचं एक हिब्रू वचन पुटपुटत एकेकाकडे बघत गेले. नवव्या शब्दाशी थांबले.

"मागे हाइम आहे," एलोजी म्हणाले.

"असू दे की. बसायला कोण नको म्हणतंय?"

हाइम मागच्या बाकड्यावर होता. शीवहून चालत आलेला, पोलिसांना चुकवत. तो काळा इस्रायल, म्हणून मोजणीत नाही. त्याच्या कुठल्या तरी खापरपणजोबानं बाहेरची, यहुदी नसलेली बायको केली होती. बाकीचे गोरे इस्रायल. रंगानं सगळे सारखेच.

जिन्यावर पावलं वाजली. अश्रुधुरानं लाल झालेले डोळे पुशीत सॅम्युएल पेणकर वर आला.

"आलास बाबा!" मुसाजी म्हणाले. "म्हण रे एलोजी, पटकन. बाहेर काय चाललंय ऐकतोयस ना?"

"आता अकरा झालो."

"दहा."

"अकरा, मुसाजी."

"अरे, बायकोसाठी म्हणायचंय की वाद घालायचाय?"

एलोजींनी पुस्तक मिटलं. चालत मागच्या बाकड्यापाशी गेले.

"काका, नको," हाइम कुजबुजला. "साराकाकूंसाठी म्हणून घ्या. मला सवय आहे."

"सरक जरा."

हाइम सरकला. एलोजी बसले.

"आता मोजा," ते म्हणाले.

मुसाजींनी पुढच्या बाकड्यांवरून पुन्हा वचन सुरू केलं. शेवटचा शब्द तोंडातच राहिला. कुणी मागे वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं एकेक जण जिना उतरत गेला.

बाकड्यावर दोघं उरले.

दोन वर्षांपूर्वी इस्रायल देशात एलोजींचा मुलगा लग्नाला उभा राहिला, तेव्हा तिथल्या रब्बीनं, धर्मगुरूनं, खरा यहुदी की नाही म्हणून त्याला आईचं कूळ विचारलं होतं, आणि लग्न थांबवलं होतं.