ओट्याचं माप

रंजनाने भिंतीला पाठ टेकली, कोपर दुमडलं आणि म्हणाली, "घ्या भाऊ माप." सुकदेव मिस्तरी पट्टी हातात धरून नुसताच उभा राहिला.

मिस्तरीची रीत सुरतेतल्या अख्ख्या पांडेसऱ्याला माहीत होती. स्वयंपाक जी करणार, तिला भिंतीशी उभं करायचं आणि कोपरापासून एक वीत खाली पेन्सिलीने रेघ मारायची. तेवढा उंच ओटा. कागदावरचे आकडे त्याला चालत नसत. रंजना अठरा वर्षं या रेघेची वाट बघत होती. घर घेतलं तेव्हा त्यात जुन्या मालकिणीच्या मापाचा ठेंगणा ओटा होता आणि रंजना पडली उंच. वाकून वाकून पोळ्या लाटताना तिच्या कमरेची पार वाट लागली होती. यंदा नवऱ्याने, वाल्मिकने, आपणहून स्वयंपाकघराचं काम काढलं, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

महिनाभर तिला दुसरा विषय नव्हता. साडीच्या खोक्याचा एक पुठ्ठा घेऊन तिने त्यावर नकाशा काढला. सिंक खिडकीखाली. गॅस अशा जागी, की पोळी उलटताना दार दिसावं. कोपऱ्यात पाट टाकून बसण्यापुरती मोकळी जागा, कारण ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तिला बसूनच जमायची. डाइंग मिलमधून दमून आलेला वाल्मिकही पुठ्ठा मांडीवर घेऊन बसायचा. फ्रिज डावीकडे की उजवीकडे, यावरून तर दोघांचं तीन दिवस वाजलं. शेवटी तिने त्याचं ऐकलं आणि फ्रिज डावीकडे गेला. नवरा इतका जीव लावून भांडतोय, याचंच तिला कौतुक वाटत होतं. काम सुरू होणार म्हटल्यावर तिने एकटीने घर आवरलं, भांडीकुंडी पोत्यांत भरली आणि दोन महिन्यांपुरता उधन्याला भाड्याच्या खोलीत संसार नेऊन टाकला.

"माप व्हई गयं ना वहिनी," सुकदेव म्हणाला. "परवदिन त्या ताई येई ग्यात."

त्याने बोट दाखवलं. भिंतीवर पेन्सिलीची रेघ होती. रंजनाची रेघ जिथे आली असती, तिथून चांगली चार बोटं खाली.

"कोन ताई?"

सुकदेव गडबडला. नवऱ्याने दुसरी बाई ठेवली, असंच रंजनाच्या मनात आलं. पुढे जे कळलं, त्यापेक्षा ते परवडलं असतं. दुसऱ्या बाईच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या.

"घर त्यासनीच तं इकत लिधं," सुकदेव चाचरत म्हणाला. "स्वयंपाकघर नवं करीसन द्यानं, आसं ठरेल शे. तुमले माहीत नही?"

माहीत असायला तिला कुणी सांगितलं होतं? तिने भिंतीचा आधार सोडला आणि वाल्मिकला फोन लावला. मागे मिलच्या मशिनांचा गोंगाट होता. तो बाहेर मोकळ्या जागी येईपर्यंत ती थांबली.

"घर इकं तुम्हीन?"

तो म्हणाला, "तुले सांगनारच व्हतू. इच्छापोरले भागीदारीमा कारखाना घेनं शे. चार वरीस भाडाना घरमा काढूत, मंग दुसरं घिऊत."

"मंग महिनाभर मन्हासंगे फ्रिजवरथून कशाले भांडत व्हतात?"

"काम काढं म्हनीसन तू सामान हालाडं. नहीतर तू घर खाली करती का?"

तो हे सरळ, हिशेबी आवाजात बोलला. जणू तिला समजायला हवं होतं. रंजनाला मांडीवर पुठ्ठा घेऊन बसलेला तो आठवला, फ्रिजसाठी हट्टाला पेटलेला, आणि तिला शिसारी आली. विकायचं होतं तर विकायचं. तिने आकांत केला असता, चार दिवस जेवली नसती, पण ते भांडण तरी खरं झालं असतं. याने तिच्याच हातांनी तिला घराबाहेर काढलं होतं, आणि ती गाणी गुणगुणत पोती भरत होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आते बोभाटा करू नको," वाल्मिक म्हणाला. "सोमवारे खरेदीखत कराले कचेरीमा येनं पडी. घर तुन्हा नाववर शे. तुन्ही सही लागी."

हे ती साफ विसरली होती. बाईच्या नावावर घेतलं की नोंदणीची फी वाचते, म्हणून त्याने घर तिच्या नावावर केलं होतं. त्या दिवशी कचेरीत त्याने बोट ठेवलं, तिथे तिने सही केली होती. पुढेही तो दाखवेल तिथे ती सही करत आली होती.

"आनि मी सही नही करी तं?"

वाल्मिक हसला. रागाने नाही, लहान मुलाला हसावं तसा. "करशी तू. आजपावत कधी इचारं का, कशानी सही शे म्हनीन?"

रंजनाने फोन ठेवला. ती रडेल म्हणून सुकदेवने कोपऱ्यातला सिमेंटचा डबा पालथा घालून तिला बसायला पुढे केला. ती बसली नाही. तिने पदराने तोंड पुसलं.

"भाऊ," ती म्हणाली, "वळखीना कोनी टेम्पोवाला शे का? मन्हं सगळं सामान आजच आठे परत आननं शे."