हवा कुठून आणायचे?

साळकरबाईंनी वर्गाच्या फरशीवर सिंधू नदीचा मोठा नकाशा अंथरला होता. सिंधूकाठचे प्राचीन लोक कुठून काय आणायचे, ते मुलं त्यावर मांडत होती. राजस्थानातून तांबं, गुजरातच्या किनाऱ्यावरून शंख, अफगाणिस्तानातून निळे दगड.

"बाई, आणि हवा कुठून आणायचे?" शाल्मलीनं विचारलं.

कोणी हसलं नाही. मंगळावरच जन्मलेली ती सगळी मुलं वाकून नकाशात हवेची खाण शोधू लागली.

"हवा आणावी लागत नसे," बाई म्हणाल्या. "ती सगळीकडे होतीच."

"फुकट? मग असं गाव सोडून ते का गेले?"

"नद्यांचं पाणी आटत गेलं, असं म्हणतात."

शाल्मलीनं पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. वसाहतीखालचा बर्फ संपत आला होता आणि लवकरच सगळ्यांना उत्तरेकडे हलायचं होतं.

"जाताना त्यांनी काय नेलं?"

"बियाणं नेलं असेल, भांडी घडवायची कला नेली. काही जण तर पार महाराष्ट्रात, प्रवरेकाठच्या दायमाबादपर्यंत पोहोचले असावेत."

"त्यांच्यात मुलं होती?"

"असणारच की."

"मग मुलांच्या बाई गेल्या त्यांच्याबरोबर?"

बाईंनी पृथ्वीवर परतणाऱ्या यानात जागा मागितली होती, हे मुलांना कुठूनतरी कळलं होतं. नकाशा सोडून सगळी त्यांच्याकडे पाहत होती. बाई मुलांमध्ये फरशीवर बसल्या.

"गेल्या," त्या म्हणाल्या, "आणि वाटेत त्यांनी मुलांकडून नवा नकाशा रेखाटून घेतला."