आणखी केसभर

खोटं वाटलं तर वाटू दे. माझ्या नातीला अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या डिंकात, एक भुंगा सापडला. कुणी कधी न पाहिलेली जात! तिचं वर्णन नात लिहिणार अन् खडा घासून नितळ करणार मी. चाळीस वर्षं हेच करतेय.

पण तिच्या साहेबांची एकच रड. "आजीबाई, भुंगा खोल आहे. पायांचे सांधे मोजता येत नाहीत. आणखी केसभर घासा."

घासला. नातीनं मायक्रोस्कोपमधून पाहिलं, भुंगा तेवढाच खोल. पुन्हा घासला. वाटाण्याएवढ्या खड्याची नखासारखी पातळ चकती झाली, तरी भुंगा तेवढाच खोल!

"घासता की नुसत्या गप्पा हाणता?" साहेब खेकसले.

माझं टाळकंच सटकलं. "डोळे फुटलेत का तुमचे? आता घासलं तर पोरीचा भुंगाच जाईल!"

"मग मीच घासतो!" साहेबांनी मायक्रोस्कोपखालून चकती ओढली अन् मुठीत आवळली.

नातीचा डोळा अजून मायक्रोस्कोपलाच होता.

"आजी," ती हळूच म्हणाली, "भुंगा इथंच आहे. अन् वर येतोय."